माझ्या टबात विरघळलेल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुने वॉशिंग मशीन आहे. वरून झाकण उघडायचे, कपडे आणि साबण टाकायचा आणि झाकण लावायचे, त्या जातीचे. ज्यांचे तोंड पुढे असते ती मशीन स्वतःला जरा शहाणी समजतात. त्यांच्या काचेतून आतले सगळे दिसते, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी वावड्या उठवत नाही. माझ्या पोटात काय चालले आहे ते मात्र वाकल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे या इमारतीतली मुले मला 'भुताचे मशीन' म्हणतात आणि आमच्या मागच्या गॅलरीकडे बघायचे टाळतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पण ते भूत कोण होते हे मला पक्के ठाऊक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला मोडीत जायचे नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्यांनी माझ्यात ओल्या चादरी भरल्या, मला गरागरा फिरवले आणि भर वेगात माझे झाकण अकरा वेळा उघडून पाहिले. अकराही वेळा मी जागच्या जागी थांबले. झाकण उघडले की थांबायचे, हा माझ्या जन्माचा पहिला नियम. मग त्यांनी माझी वीज तोडली, चहा पिऊन आल्या आणि वीज जोडली. मी जिथे थांबले होते तिथूनच पुढे निघाले. काम अर्धे टाकायचे नाही, वीज आली की आपले आपण सुरू व्हायचे, हा दुसरा नियम. बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. पुढे या दोन नियमांनी माझी काय दशा केली ते बाईंना कधी कळले नाही.

ज्या घरात मी आले ते तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. मागच्या गॅलरीत नळाशेजारी मला उभे केले. घरात तिघे जण. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई छापखान्यात कामाला होती. आणि त्यांची मुलगी लाकडी बाहुलीसारखी टुकुटुकु बघत बसायची, म्हणून तिला सगळे ठकी म्हणायचे. बाबांनी माझ्यासाठी वेगळी तार ओढली आणि तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीत माझ्यापुरता वेगळा खटका बसवला. ही पेटी आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली, डक्टच्या, म्हणजे नळ आणि तारा जाणाऱ्या उभ्या पोकळीच्या, तळाशी होती.

मी माणसांना कपड्यांवरून ओळखते. बाबांचा कामाचा डगला ग्रीसने माखलेला असायचा. आईच्या एप्रनला शाई असायची, आणि ती शाई इतकी चिवट की मी हात टेकायचे. ठकीच्या खिशात काय नसायचे ते विचारा. पेन्सिलीची साले, बिया, खोडरबराचे तुकडे आणि एकदा तर चक्क जिवंत गोगलगाय. आई प्रत्येक खिसा उलटा करून झटकायची, मग वाकून माझ्या टबात एक नजर टाकायची आणि झाकण लावायची. धुणे झाले की मी एक छोटीशी धून वाजवायचे. ती ऐकली की आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "आले गं बाई, आले." हे ती मला म्हणायची. घरातल्या माणसाशी बोलावे तसे माझ्याशी बोलणारे दुसरे कोणी मला पुढे भेटले नाही, आणि तेव्हा त्याचे मोल मला कळले नाही.

एका सकाळी आईने गडद रंगाचे कपडे टाकले, मला सुरू केले आणि ती घाईघाईने कामाला गेली. थोड्याच वेळात वीज गेली आणि मी अर्ध्यावर थांबले. दुपारी दार उघडले. बरीच माणसे एकदम आत आली. कोणी जोरात बोलत नव्हते. मग बाबांचा आवाज आला, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. छापखान्यात उभ्या उभ्या आईच्या छातीत कळ आली होती आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सारे संपले होते.

आणि मित्रांनो, नेमकी तेव्हाच वीज आली. मी नियमाप्रमाणे सुरू झाले. बाहेरच्या खोलीत माणसे रडत होती आणि गॅलरीत मी मजेत गरगरत होते. कोणाला मला बंद करायचे सुचले नाही. धुणे संपले आणि मी माझी धून वाजवली. ती ऐकून ठकी माणसांच्या पायांमधून वाट काढत धावत आली. धून वाजली की आई कपडे काढायला येते, एवढेच तिला माहीत होते. तिने गॅलरीत पाहिले, दाराआड पाहिले आणि मग माझे झाकण वर करून आत पाहिले. मला त्या दिवशी लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर घराची घडी कशीबशी बसवण्यात आली. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे ठकीची आत्या, राहायला आली. ती एका शाळेच्या कचेरीत काम करायची आणि दोन वाजता घरी यायची. ठकी साडेबाराला यायची, शेजारच्या काकूंकडून किल्ली घ्यायची आणि मधला दीड तास एकटीच असायची. धुण्याचे काम बाबांकडे आले. ते सकाळी मला सुरू करून जायचे. त्या दिवसांत आमच्या भागात विजेच्या तारांचे काम चालू होते, त्यामुळे सकाळी गेलेली वीज दुपारीच यायची. रोज तेच व्हायचे. ठकी घरात पाऊल टाकायची, दप्तर ठेवायची, आणि गॅलरीत कोणी नसताना मी आपले आपण सुरू व्हायचे.

सात वर्षांच्या मुलीने याचा काय अर्थ लावावा? तिने तो लावला. पहिल्या दिवशी ती दारात खिळून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी जवळ आली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या अंगाला गाल लावला आणि हळूच म्हणाली, "आई, मला कळलं तूच आहेस ते. मी कुणाला सांगणार नाही." मला सांगता आले असते तर मी सांगितले असते, की बाळ, ही तुझी आई नाही, हा माझ्या पाठीवरच्या शिक्क्यातला दुसरा नियम आहे. पण मला गरगरण्यापलीकडे काही येत नाही.

त्या संध्याकाळी तिने बाबांना मात्र सांगितले. कुणाला सांगणार नाही म्हणाली होती, पण बाबा म्हणजे कुणी परके नव्हेत. बाबा यंत्रांतले दर्दी. मी का सुरू होते ते त्यांना एका क्षणात कळले असणार. पण आई गेल्यापासून ठकी पहिल्यांदाच हसत होती आणि पोटभर जेवली होती. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, हो का? एवढेच. सगळे तिथून सुरू झाले.

पुढे तारांचे काम संपले. वीज जायची थांबली. मी सकाळीच धुणे आटपून मोकळे होऊ लागले आणि ठकी घरी यायची तेव्हा मी गप्प असायचे. ती माझ्यासमोर स्टूल टाकून बसायची. आई आज आली नाही, उद्याही आली नाही, असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिने डब्याला हात लावला नाही आणि संध्याकाळी तिला ताप भरला. आत्या म्हणाली, हवा बदलली आहे. बाबा तिच्या उशाशी बसून राहिले.

पहाटेपर्यंत तिचा ताप उतरला. सहाव्या दिवशी सकाळी बाबांनी मला सुरू केले, टब पाण्याने भरू दिला आणि ते कामावर निघाले. दोन मिनिटांनी माझी वीज गेली. स्वयंपाकघरातला फ्रीज मात्र घरघरत होता. शेजारचा रेडिओ चालू होता. गेली होती ती फक्त माझी वीज. दुपारी साडेबारा वाजून गेले, ठकीने दप्तर ठेवले, आणि खालून डक्टमधून खटका वर केल्याचा आवाज आला. मी सुरू झाले. ठकी टाळ्या पिटत नाचली. खाली बाबांची पावले थोडा वेळ तिथेच घुटमळली आणि मग लांब गेली.

तेव्हापासून हा माणूस रोज जेवणाच्या सुटीत यायचा. वर येत नव्हता. लेकीला भेटत नव्हता. तळमजल्यावरच्या अंधाऱ्या पेटीशी उभा राहून एक खटका वर करायचा आणि उपाशीपोटी परत जायचा. लोक मला झपाटलेले म्हणतात. त्यांनी खाली पेटीपाशी जाऊन पाहिले असते तर भूत त्यांना तिथे डबा हातात घेऊन उभे असलेले दिसले असते.

मग ठकीने चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. सकाळी बाबा बूट घालत असताना ती घडी केलेला कागद कपड्यांच्या तळाशी सरकवून ठेवायची. कागद पातळ होता. दुपारपर्यंत भिजून आणि मग घुसळून त्याचा पार लगदा व्हायचा. आत्या कपडे काढायची तेव्हा ठकी तिच्या काखेखालून डोकावून बघायची. चिठ्ठी नसायची. म्हणजे आईने घेतली. बाबा रोज संध्याकाळी माझी जाळी साफ करायचे, त्यात त्यांना कागदाचे पांढरे गोळे सापडायचे. कपड्यांवरचे पांढरे ठिपकेही ते ठकीच्या आधी वेचून काढायचे. गोळे त्यांनी फेकले नाहीत. एका पत्र्याच्या डब्यात सुकवून ठेवले. त्यांतले एक अक्षरही वाचण्यासारखे उरले नव्हते, आणि ते काम माझे होते.

ठकी आता शाळेतून पळत घरी यायची आणि बाहेर खेळायला जायची नाही. आत्याने वेणी घातली तर मान ताठ ठेवून बसायची, बोलायची नाही. आत्या कचेरीत वर्षे काढलेली, तिला पाणी मुरते कुठे ते लवकर कळायचे. एका संध्याकाळी तिने कपाट आवरताना तो डबा उघडला आणि बाबांना गॅलरीत गाठले. "दादा, ती त्या मशीनशी बोलते आणि आपल्याशी बोलत नाही. तू तिला खरं सांग, नाहीतर मी सांगते." बाबा म्हणाले, थोडे दिवस जाऊ दे. जरा सावरू दे. आत्याने त्यांना महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. मला वाटले, चला, सुटले. पण माणसाला मुदत मिळाली की तो ती शेवटच्या दिवसापर्यंत वापरतो.

मध्येच ठकीच्या मनात आले की झाकण लावलेले असते म्हणून आईला बाहेर हात काढता येत नाही. तिने घरी येताच झाकण उघडून ठेवले. खाली खटका वर झाला, पण मी सुरू झाले नाही. पहिला नियम. ठकी माझ्यावर डोके टेकून इतकी रडली की आवाज डक्टमधून खाली गेला. झाकण उघडे होते हे तिच्याकडून कळल्यावर त्या संध्याकाळी बाबांनी मला भिंतीपासून ओढले, माझी पाठ उघडली आणि झाकण उघडताच मला थांबवणाऱ्या कळीच्या दोन तारा एकमेकींना पिळून बांधून टाकल्या. आता झाकण उघडे असो वा बंद, मला ते बंदच वाटणार होते.

मित्रांनो, लिफ्टच्या धंद्यात नवा माणूस आला की त्याला सगळ्यात आधी काय शिकवतात ठाऊक आहे? दाराची कळ कधीही बांधायची नाही, नाहीतर दार उघडे असतानाही लिफ्ट हलते. लोक खोळंबू देत, मालक शिव्या घालू दे, बांधायची नाही. बाबांनी वीस वर्षांत एकदाही ती बांधली नव्हती. त्या संध्याकाळी माझी बांधली. मी बजावून सांगू शकत नव्हते. त्यांनी माझी पाठ लावली आणि मला परत भिंतीला ढकलले.

पुढच्या आठवड्यातली ती दुपार. सकाळी थोडेच कपडे होते, टबात गुडघाभर पाणी आणि साबण. ठकी आली. दप्तर ठेवले, बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटांत ठेवले. माझे झाकण वर केले. स्टूल माझ्या अंगाला लावले, त्यावर चढली, आणि एक पाय माझ्या आत टाकला. मग दुसरा. थंड पाण्याने तिने श्वास ओढून धरला. ती कपड्यांवर उकिडवी बसली, काठावरचे हात सोडले, आणि म्हणाली, "आई, मी आत आलेय. आता हात दे."

खाली बाबा येऊन उभे होते. मला त्यांची पावले ओळखता यायची. मला त्या क्षणी गंजून जावे, जळून जावे असे वाटले. खटका वर झाला. मी थांबायला हवे होते. झाकण उघडे होते आणि मला ते बंद वाटत होते. माझ्या तळाचा पंखा फिरला. भिजलेला शर्ट ठकीच्या पायाभोवती आवळला गेला आणि पाय वळला. ती आधी हसली. आई आली, असे तिला वाटले. मग ती ओरडली.

बाबांनी आयुष्यभर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे आवाज ऐकले होते. पत्र्याच्या आतून आलेला आवाज घुमतो, खोलीतून आलेल्या आवाजासारखा नसतो. त्यांनी तो ओळखला आणि खटका खाली पाडला. माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसरी झाली नाही. मग तीन मजल्यांच्या पायऱ्यांवर पावलांचा धडधडाट ऐकू आला.

त्यांनी तिला काखेत हात घालून उचलले आणि गॅलरीच्या फरशीवर मांडीत घेऊन बसले. दोघे निथळत होते. ठकीचा घोटा सुजायला लागला होता, पण ती त्याबद्दल बोलत नव्हती.

"तुम्ही कशाला बंद केलं? आई सुरू करत होती."

"आई नाही, ठके. मी सुरू करत होतो. खाली उभा राहून. रोज मीच."

तिने वळून माझ्या उघड्या झाकणाकडे पाहिले.

"मग माझ्या चिठ्ठ्या?"

बाबा उठले, कपाटातून तो डबा आणला आणि तिच्या पुढ्यात उघडला. तिने एक वाळलेला गोळा उचलून बोटांनी कुस्करला.

"वाचल्या तुम्ही?"

"नाही गं. वाचण्यासारखं काही राहिलंच नव्हतं."

ठकी रडेल, बाबांना मारेल, असे मला वाटत होते. ती रडली, पण नंतर. आधी तिने गोळे फरशीवर ओळीने मांडले आणि म्हणाली, "मग सांगू का, काय काय लिहिलं होतं?"

आणि तिने सांगितले. आत्या वेणी फार ओढते. मला गणितात पैकीच्या पैकी पडले. बाबा जेवताना भिंतीकडे बघतात. तुझा एप्रन मी उशीखाली ठेवला आहे, तू रागावू नकोस. काही चिठ्ठ्या तिला आठवत नव्हत्या, त्या तिने तिथल्या तिथे रचल्या असाव्यात. शेवटचा गोळा अजून ओलसर होता. तो तिने आदल्या दिवशीच टाकला होता. तो हातात घेऊन ती म्हणाली, "यात लिहिलं होतं, उद्या मी आत येते."

बाबांनी तोंड झाकून घेतले. मीही ती चिठ्ठी ऐकली. आदल्या दिवशी ती माझ्याच पोटात होती, अख्खी, अक्षरांसकट, आणि मी ती घुसळून टाकली होती. दोन वाजता आत्या आली तेव्हा बापलेक तसेच ओल्या कपड्यांत बसले होते आणि ठकी बोलतच होती. आत्याने दोघांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

घोटा तीन आठवडे बांधून ठेवावा लागला. बाबांनी त्याच संध्याकाळी ठकीला खुर्चीत बसवून माझी पाठ उघडली, पिळलेल्या तारा सोडवल्या आणि ती कळ कशासाठी असते ते तिला समजावून सांगितले. नंतर पुष्कळ दिवस ते दुपारी घरी येत राहिले. आता ते जिना चढून वर यायचे आणि डबा तिच्याबरोबर खायचे. घर लगेच सुखी झाले असे नाही. खरे कळल्यावर ठकीला आई दुसऱ्यांदा गमवावी लागली, आणि ते रडणे पहिल्यापेक्षा लांबले. मला ते सगळे ऐकावे लागले.

आता मी म्हातारे झाले आहे. बूड गंजले आहे, फिरताना सगळी गॅलरी हलते. आत्या तिच्या घरी परत गेली, बाबांचे गुडघे जिन्यावर कुरकुरतात. ठकी मोठी झाली, नोकरी करते, तरी दुसरे मशीन आणू देत नाही. कपडे टाकून झाले की ती माझ्यावर वाकते, आतले कपडे हाताने बाजूला करून तळापर्यंत बघते आणि मगच झाकण लावते. ती काळजीपोटी बघते, की अजून कोणाला शोधते, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बऱ्यावाईटाचे ज्ञान नसते. आम्ही ज्या नियमांवर चालतो ते कोणीतरी फार विचार करून घातलेले असतात. प्रेमापोटीसुद्धा ते मोडू नका. घरातल्या लहानग्याला काही खरे सांगायचे राहिले असेल तर आज सांगा, मांडीवर घेऊन सांगा. रडले तर रडू द्या. आणि मला सुरू करण्याआधी एकदा वाकून आत बघत जा. मला आत कोण आहे ते कळत नाही.